‘दिल्ली’वरची शीळ

कोळगावच्या आमच्या घरी देव्हाऱ्याखालच्या खणात, तुळशीची माळ आणि निवृत्तिवेतनाचे जीर्ण कागद यांच्या शेजारी, वाकड्या मानेची आणि टोकाला पोकळ गोळी असलेली एक नौसैनिकी शीळ माझ्या समजत्या वयापासून आहे. ती नुसत्या फुंकीने वश होत नाही; मुठीत धरून, गोळीवरच्या छिद्राभोवती बोटे आवळीत वा सैल करीत फुंकावी, तेव्हा खर्जातला एक आणि टिपेचा एक असे दोन स्वर उमटतात; आणि एवढ्याच भांडवलावर जेवणाच्या वर्दीपासून वरिष्ठांच्या सलामीपर्यंत सारे हुकूम सुटत, असे आजोबा सांगत.

सातपाटीच्या तांडेलांना दर्या पिढीजात ठाऊक. आमचे घराणे मात्र भातशेतीचे, आणि त्यातून आरमारात गेलेले आजोबा पहिलेच. त्यांची ‘दिल्ली’ ही क्रूझर मूळची ‘अकिलीझ’. १३ डिसेंबर १९३९ रोजी दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ जर्मनांच्या ‘ग्राफ श्पे’शी झुंजली, तेव्हा तिच्यावर बहुसंख्य न्यूझीलंडचे तरुण होते आणि त्यांपैकी चौघे कामी आले. ५ जुलै १९४८ रोजी ती भारताच्या नौदलात दाखल झाली, आणि पुढे १९५६च्या एका इंग्रजी चित्रपटात तिने आपलेच पूर्वायुष्य वठवले, हा योग किती जहाजांच्या नशिबी येत असेल! शाळकरी वयात मला ती झुंज आजोबांचीच वाटे. त्यांनी तो समज दूर केला; मात्र त्या चौघांचा उल्लेख ते अखेरपर्यंत ‘आपली पोरे’ असाच करीत.

डिसेंबर १९६१मध्ये ‘दिल्ली’ने दीवच्या किल्ल्यावर तोफा डागल्या. त्या महिन्याची मनिऑर्डर आली, तेव्हा कुपनाच्या चतकोर जागेत आजोबांच्या हातचा ‘खुशाल’ हा एकच शब्द होता. तो कागदाचा तुकडा आजीने आयुष्यभर पोथीत ठेवला, आणि तिच्या पश्चात तो शीळेच्या खणात आला.

१९७८मध्ये जहाज सेवेतून निवृत्त होऊन मोडीत निघाले. परंतु तिचा तोफांचा एक बुरूज भारताने न्यूझीलंडला भेट दिला, आणि तो ऑकलंडच्या डेव्हनपोर्ट नौतळावर उभा आहे. तिथल्या नातवंडांना आजोबांची आठवण काढायला हात टेकण्याजोगी जागा आहे, याचा मला हेवा वाटत नाही, आनंदच वाटतो. कारण त्याच पोलादाच्या सावलीत आमचेही आजोबा वावरले. मात्र त्या पोरांच्या वंशजांना पालघरकडच्या या दुसऱ्या खलाशांची नावेही कळावीत, अशी माझी तळमळ आहे. आता जिल्ह्याचे मुख्यालय कोळगावीच आहे. तिथल्या दप्तरात या किनाऱ्यावरच्या नौसैनिकांची गाववार नोंद व्हावी, जहाजाच्या नावासह, आणि ती त्यांच्या नातवंडांकडून विचारून घ्यावी. आमच्या घरचा दाखला मी लिहून तयार ठेवला आहे.