गर्दीच्या उलट दिशेने

एका दिवसाच्या सहलीचा हिशेब किलोमीटरमध्ये मांडला की तो हमखास चुकतो. तो तासांत मांडावा लागतो. मुंबईच्या परिसरात तर तासांच्याही आधी दिशा पाहावी लागते, कारण इथे सकाळी सगळे जग दक्षिणेकडे जाते आणि संध्याकाळी उत्तरेकडे परतते. या लोंढ्यासोबत निघालेल्या कुटुंबाची निम्मी सहल डब्याच्या दारातच संपते. उलट दिशेने निघणाऱ्याला मात्र खिडकी मिळते.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांच्या मधल्या पट्ट्यात जांभूळ हे गाव आहे. बाहेरच्या माणसाला ते नाव बहुधा वर्तमानपत्रातच भेटते: जांभूळ जलशुद्धीकरण केंद्राच्या दुरुस्तीमुळे पाणी बंद. बारवी धरणाचे पाणी इथे शुद्ध होऊन औद्योगिक वसाहतींना आणि आसपासच्या शहरांना जाते. दिवाळीत किंवा मे महिन्यात या भागातल्या घरांत पाहुणे येतात. कुणी मामाकडे येते, कुणी लेकीकडे, आणि पाहुण्यांच्या मनात असते ‘मुंबई’. बदलापूर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर 68 किलोमीटर. जलद लोकलने दीड तासाच्या आसपास वेळ लागतो, पण तो गाडीत चढल्यावर मोजायला सुरुवात होते. घरातून निघणे, रिक्षा, तिकीट, पूल आणि फलाट यांचा वेळ वेळापत्रकात छापलेला नसतो. मुले आणि आजी-आजोबा बरोबर असले की तोच सर्वांत जास्त जातो.

जांभूळसारख्या ठिकाणी मुक्काम असेल तर मुंबई बघण्याचा दिवस कामाचा नसावा. सकाळी आठची बदलापूर लोकल नोकरदारांची असते. तिथे चौथ्या सीटचेसुद्धा हक्क ठरलेले असतात, आणि पिशव्या घेऊन चढलेल्या पाहुण्यांकडे कुणी प्रेमाने पाहत नाही. रविवारी गर्दी हलकी असते, पण रविवारी रुळांच्या दुरुस्तीचा मेगाब्लॉक असतो. तो बहुधा सकाळी उशिरा सुरू होऊन दुपारी तीन-चारपर्यंत चालतो. त्यामुळे रविवारी त्याच्या आधी पोहोचावे आणि तो उठल्यावर परतावे, म्हणजे मधला वेळ आपोआप सहलीचा होतो.

शहरात कुठे जायचे हे ठरवताना ठिकाणाची कीर्ती बाजूला ठेवून गाडी किती वेळा बदलावी लागते ते मोजावे. घारापुरीची लेणी जागतिक वारसा आहेत, 1987 पासून. पण बदलापूरहून तिथे जायचे म्हणजे आधी लोकल, मग गेटवेपर्यंत बस किंवा टॅक्सी, मग तासाभराची लाँच आणि शेवटी शंभराहून जास्त पायऱ्या. परतताना हेच सगळे उलट क्रमाने. त्यातून सोमवारी लेणी बंद. कान्हेरीचेही तेच: सोमवारी बंद, आणि दादरला उतरून पश्चिम रेल्वेने पुन्हा उत्तरेला बोरिवलीपर्यंत जायचे. दक्षिण मुंबईत उतरलेल्या पाहुण्यांना घारापुरी जवळची आहे, बदलापूरकरांच्या पाहुण्यांना नाही.

त्यांच्यासाठी भायखळा बरा. मध्य रेल्वेचेच स्टेशन, गाडी बदलायची नाही, आणि पूर्वेला उतरून चालत गेले की राणीची बाग. बाग 1860च्या दशकातली, तर तिच्या आवारातले भाऊ दाजी लाड संग्रहालय लोकांसाठी 1872 मध्ये उघडले. मुलांना पेंग्विन, आजोबांना जुन्या मुंबईचे नकाशे आणि मातीच्या छोट्या मूर्ती, आजीला सावलीतला बाक: एका कुटुंबाच्या वेगवेगळ्या हौशी एकाच फाटकाच्या आत भागतात. बुधवारी मात्र दोन्ही बंद असतात. मोठे संग्रहालय हवे असेल तर टर्मिनसपर्यंत जाऊन छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहेच. त्याचा घुमट दाखवायचा मोह आवरणे कठीण, पण राणीची बाग आणि ते एकाच दिवशी करू नये. दोन्हीकडे घाई होते आणि संध्याकाळच्या गर्दीत सापडायचे ते वेगळेच.

कामाच्या दिवसांत मुंबईच्या उलट दिशेला वळावे. कल्याणनंतर रूळ दोन होतात: एक फाटा कसाऱ्याला, दुसरा अंबरनाथ-बदलापूरवरून कर्जत-खोपोलीला. नकाशावर गणपतीचे टिटवाळा बदलापूरपासून फार दूर दिसत नाही, पण ते कसाऱ्याच्या फाट्यावर आहे. म्हणून रेल्वेने जायचे तर कल्याणला माघारी येऊन गाडी बदलावी लागते, आणि अंगारकीला तर तो विचारही करू नये. कर्जतकडच्या गाड्या विरळ असल्या तरी सकाळी त्या बऱ्याच मोकळ्या असतात.

सर्वांत जवळची आणि सर्वांत दुर्लक्षित सहल अंबरनाथची. स्टेशनच्या पूर्वेला, वालधुनी नदीच्या काठी शिलाहारांचे शिवमंदिर आहे. त्यातल्या शिलालेखात शके 982, म्हणजे इसवी सन 1060 हा काळ आहे आणि राजा मुम्मुणीचे नाव. बाहेरच्या भिंतींवर एवढे कोरीव काम आहे की दगड उघडा ठेवायचाच नाही असे जणू कारागिरांनी ठरवले होते. गाभारा सभामंडपाच्या पातळीवर नाही. पायऱ्या उतरून खाली जावे लागते, आणि वर शिखर अपुरे असल्याने आकाश दिसते. सकाळी लवकर किंवा दुपार कलल्यावर तिरका उजेड पडतो तेव्हा मूर्ती भिंतीतून पुढे येतात. भर दुपारी त्या सपाट दिसतात. नदीच्या पाण्याची कारखान्यांनी काय अवस्था केली आहे तेही तिथे दिसते. पाहुण्यांपासून ते लपवण्याचे कारण नाही. महाशिवरात्रीला मोठी जत्रा भरते, तेव्हा भक्तांनी जावे. शिल्प बघणाऱ्यांनी दुसरा दिवस निवडावा. या सहलीला दोन तास पुरतात. उरलेली संध्याकाळ उल्हासनगरला द्यावी. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांची ही वसाहत; उल्हासनगर हे नाव तिला 1949 मध्ये मिळाले. अजूनही पत्ता कॅम्पच्या क्रमांकाने सांगतात. कापडबाजारात खरेदी आणि वर दाल-पकवान, यावर बहुतेक पाहुणे माथेरानपेक्षाही जास्त खूश होतात.

माथेरानला पूर्ण दिवस द्यावा लागतो. ह्यू मॅलेट या ठाण्याच्या कलेक्टराने ते 1850 मध्ये शोधले असे सांगतात. तिथल्या ठाकूर-धनगरांना ते आधीपासून ठाऊक होते हे वेगळे सांगायला नको. बदलापूरहून नेरळ तिसरे स्टेशन. नेरळ-माथेरान छोटी गाडी 1907 पासूनची, सुमारे 21 किलोमीटर घाट चढणारी, पण तिच्या फेऱ्या थोड्या, जागा थोड्या, आणि पावसाळ्यात घाटातली वाहतूक बंद. तिच्या भरवशावर दिवस आखला तर अर्धा दिवस नेरळच्या फलाटावर जातो. नेरळहून टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत जावे. पुढे मोटारींना बंदी आहे, म्हणून गुडघे दुखणाऱ्यांचा विचार आधीच करावा. दोन-तीन पॉइंट नीट बघून परतणारे शहाणे. सगळे पॉइंट बघू पाहणाऱ्याला लाल मातीखेरीज फारसे काही आठवत नाही.

ऋतू या निवडीला कात्री लावतो. मे महिन्यात बदलापूर-कर्जत पट्ट्यात पारा चाळिशी ओलांडतो. त्या दिवसांत सकाळी सहाला निघून अकराला घरी पोहोचणारीच सहल खरी. दुपारी सावलीत बसून रानमेवा खावा. कातकरी, ठाकूर बायका स्टेशनाबाहेर पानांच्या द्रोणात करवंदे विकतात, आणि जूनच्या तोंडावर जांभळे येतात. बदलापूरच्या जांभळाला आता भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

पावसाळ्यात कोंडेश्वरचा धबधबा सगळ्यांना बोलावतो. देऊळ, कुंड, भोवती हिरवे डोंगर, आणि बदलापूरहून हाकेच्या अंतरावर. त्याच कुंडात माणसे बुडालेली आहेत, आणि पावसाळ्यात धबधब्यांवर जिल्हा प्रशासन अनेकदा मनाई आदेश काढते. तो मोडून मुलांना पाण्यात उतरवणे हा मूर्खपणा. उल्हास नदीचा स्वभावही विसरू नये: 27 जुलै 2019 रोजी तिच्या पुरामुळे बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि हजाराहून जास्त प्रवाशांना बाहेर काढावे लागले. मोठ्या पावसाचा इशारा असेल तर सहल रद्द करावी, पुढे ढकलायला दिवस नसला तरी.

परतीचा विचार निघतानाच झालेला असावा. उत्तरेकडे फिरून मुंबईला परतणाऱ्याला संध्याकाळीही गर्दीची उलटी बाजू मिळते. मुंबईहून जांभूळला परतणाऱ्याने मात्र साडेचारच्या आत गाडी धरावी, नाहीतर जेवून-खाऊन रात्री नऊनंतर निघावे. अनेक दिवस फिरायचे असेल तर उपनगरी रेल्वेचे एक, तीन किंवा पाच दिवसांचे पर्यटक तिकीट मिळते, म्हणजे रोजची रांग टळते. लोणावळा, कार्ले यांसाठी ते चालत नाही, कारण त्या बाजूला लोकल कर्जतलाच थांबते आणि घाट एक्स्प्रेसनेच चढावा लागतो.