हेड उतरवलं

कसारा घाट चढताना ट्रक तापला, तेव्हाच शंका आली होती. आज सकाळी थंड इंजिनावर रेडिएटरचं झाकण काढून स्टार्टर मारला; पाण्यात बुडबुडे उठले ते थांबेचनात. डिपस्टिकवरचं ऑईलही चहासारखं दुधाळ. मिस्त्रींनी हेड उतरवलं. दुसऱ्या सिलिंडरजवळ गॅस्केटची कडा जळून पाण्याच्या भोकापर्यंत काळी पडलेली.

नुसतं नवं गॅस्केट टाकून मोकळं व्हायचं, हे मला पटत नाही. हेडवर सरळपट्टी आडवी ठेवून फिलर गेज घातलं, तर मधोमध पाती सहज सरकली. हेड फेसिंगला पाठवलं. बोल्ट मात्र मधून कडेकडे, टप्प्याटप्प्यानं, टॉर्क पान्यानंच आवळायचे. जुनी गाडी असली तरी एवढा मान तिचा आहेच. उद्या थर्मोस्टॅट आणि रेडिएटर बघायचाय. मुळात ती तापली कशानं, ते अजून सापडायचंय.