धुकं ताम्हिणीचं, ताप फॉग लॅम्पचा!

जुलै उजाडला की पुण्यातल्या प्रत्येक ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये एकच प्रश्न असतो, ‘या वीकएंडला कुठे?’ आणि कुणीतरी हमखास म्हणतंच, ‘ताम्हिणी!’ चांदणी चौक सुटला, पौड मागे पडलं की मुळशीचं पाणी गाडीला सोबत करू लागतं. याच धरणाच्या विरोधात १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला होता, हे आठवलं तर त्या शांत पाण्याकडे जरा वेगळ्या नजरेनं पाहिलं जातं. पुढे घाट. दरडीवरून थेट रस्त्याच्या कडेला कोसळणारे धबधबे, निखाऱ्यावरचं कणीस, टपरीवरचा आल्याचा चहा. एकदम झकास!

आणि मग, काही कळायच्या आत, धुकं. आत्ता समोर दिसणारी एसटी गायब. उरतात दोन लाल ठिपके, तेही असले तर असले. विळे, निजामपूर, माणगाव अजून खाली कुठेतरी. मोबाइलची रेंज मध्येच गुडुप. ताम्हिणीतला हा अर्धा तास भल्याभल्यांना गप्प बसवतो. सोमवारी ऑफिसला आल्यावर मात्र प्रत्येकाचा निर्णय पक्का असतो, ‘बॉस, गाडीला जबरी फॉग लॅम्प टाकायचे!’

मग गाडी वळते नाना पेठेकडे. गाड्यांच्या सुट्या भागांचं पुण्यातलं हे माहेरघर. ‘साहेब, शंभर वॉटचा टाका. रात्रीचा दिवस होतो!’ काउंटरवरचा पोरगा छातीठोकपणे सांगतो. शेजारी वायरी सोलत बसलेले एक काका मात्र मान वर न करता म्हणतात, ‘आधी वायर बघा, बल्ब नंतर.’ सगळा फंडा या एका वाक्यात आहे.

हिशेब सोपा आहे. हॅलोजन फॉग लॅम्पचा बल्ब साधारण ५५ वॉटचा असतो. १२ व्होल्टवर दोन बल्ब मिळून ९ अँपिअरच्या आसपास करंट घेतात. तेच दोन्ही १०० वॉटचे केले की आकडा जातो १७ अँपिअरजवळ. वायर, स्विच, सॉकेट मात्र तेच! वायरीतली उष्णता करंटच्या वर्गाच्या पटीत वाढते. म्हणजे करंट पावणेदोन पटीच्या थोडा वर गेला की वायर तापते तिपटीहून जास्त. आधी सॉकेट तपकिरी होतं, मग वायरीचं आवरण मऊ पडतं, मग तो ओळखीचा जळका वास. फ्यूज उडाला तर नशीब समजा. पण ‘सारखा उडतोय’ म्हणून त्या जागी मोठा फ्यूज बसवणं म्हणजे राखणदारालाच झोपेची गोळी देणं. मग फ्यूजऐवजी वायर जळते, आणि कधी कधी गाडीही.

दुसरा ताप बल्बचा स्वतःचा. हॅलोजनची काच अडीचशे अंशांच्या वर तापावीच लागते, नाहीतर आतली रासायनिक क्रिया नीट चालत नाही. पुढची लेन्स पॉलिकार्बोनेटची असेल तर ती दीडशे अंशांच्या आसपास मऊ पडते. वॉट वाढवले की लेन्स पिवळी पडते, आतला चकचकीत रिफ्लेक्टर काळवंडतो. घाटात तर दुहेरी अडचण. धुक्यात गाडी रांगते, त्यामुळे दिव्याला वारा मिळत नाही. आणि तापलेल्या काचेच्या लेन्सवर खड्ड्यातलं गार पाणी उडालं की तड्!

‘मग एलईडी लावू की!’ जरूर लावा, पण एलईडी तापत नाही हा गैरसमज आहे. तिची उष्णता पुढे न जाता मागच्या बाजूला साठते. तिथल्या हीट सिंकला किंवा छोट्या पंख्याला हवा मिळाली नाही, तर प्रकाश मंदावतो आणि आयुष्य घटतं. बंपरमागच्या चिखलात, घट्ट रबरी टोपणाखाली ही हवा येणार कुठून? शिवाय हॅलोजनसाठी घडवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये नुसता एलईडी बल्ब कोंबला तर प्रकाश सैरावैरा पसरतो आणि समोरच्या एसटी ड्रायव्हरचे डोळे दिपतात. वळणावर ते कुणालाच परवडणारं नाही. त्यापेक्षा एलईडीसाठीच बनवलेला पूर्ण लॅम्प घ्या.

आणि एक गंमत. धुक्यात जास्त प्रकाश म्हणजे जास्त दिसणं नव्हेच. पाण्याचे कण तो प्रकाश तुमच्याच तोंडावर परत फेकतात. फॉग लॅम्प उपयोगी पडतो तो खाली बसवलेला असतो आणि त्याचा झोत रुंद, सपाट असतो म्हणून. तेव्हा वॉट वाढवण्याआधी झोताचा कोन तपासून घ्या. अनेकदा तेवढ्यानंच काम भागतं!

घाटात उतरण्याआधी

- बल्ब मूळ वॉटचाच ठेवा. काचेला बोट लावू नका, बोटाचं तेल लागलं की तिथेच काच जास्त तापते.
- वेगळे लॅम्प बसवताना रिले, जाड वायर आणि बॅटरीजवळ योग्य क्षमतेचा फ्यूज हवाच. वायर कापून जोड देऊ नका, तयार हार्नेस घ्या.
- बसवल्यावर वीस मिनिटं लॅम्प सुरू ठेवा, मग बंद करून सॉकेट आणि वायर चाचपा. कोमट चालेल. हात ठेववत नसेल तर परत दुकानात.
- धबधब्यापाशी फोटोसाठी थांबलात की फॉग लॅम्प बंद करा.
- मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांवर बंधनं घालतं. वॉरंटीची अटही वाचून ठेवा.

बाकी धुकं फारच दाटलं तर कुठल्याही दिव्याच्या भरवशावर पुढे रेटू नका. रस्ता सोडून सुरक्षित जागी थांबा, चहा मागवा. ताम्हिणीचं धुकं जसं येतं, तसंच निघूनही जातं.