पालीच्या माळावरचा वारा आणि हरीण

बीड शहर मागे टाकून सोलापूरच्या रस्त्याला लागले की थोड्याच अंतरावर, रस्त्यापासून जरा आत, निजामशाहीच्या काळातली खजाना विहीर आहे. तिथून पुढे गेले की पाली. गावाच्या दक्षिणेला बालाघाटाची रांग आडवी पसरलेली, आणि तिच्या पायथ्याशी बिंदुसरेचे धरण. ही बिंदुसरा बीड शहरातून वाहत पुढे सिंदफणेला मिळते आणि सिंदफणा गोदावरीला. घाट चढून वर गेले की मांजरसुंब्याचा चौफुला लागतो. जवळच कपिलधार आहे. मन्मथस्वामींची समाधी आणि पावसाळ्यातला धबधबा यांसाठी लोक तिथे दुरून येतात.

पण घाट चढताना प्रवाशाला आधी भेटतो तो वारा. खाली पालीच्या शिवारात पान हलत नसले तरी वरच्या सपाटीवर डोक्यावरची टोपी हाताने धरावी लागते. ज्येष्ठ-आषाढात नैर्ऋत्येचा आणि पश्चिमेचा वारा या उघड्या पठारावरून बेफाम सुटतो. त्याच्याच जोरावर या भागात आता पवनचक्क्या फिरत आहेत. हा वारा ढग पुढे ढकलतो, पेरलेली माती वाळवतो, कोवळी रोपे लोळवतो. शेतकऱ्याला त्याची ओळख करून द्यायला नको.

या वाऱ्याशी तेवढीच ओळख आणखी एकाची आहे, ती म्हणजे माळावरच्या हरणाची. आपण ज्याला सरसकट हरीण म्हणतो ते या कोरडवाहू मुलखात मुख्यतः काळवीट आणि चिंकारा. शास्त्राच्या हिशेबाने ही दोन्ही कुरंगाच्या जातीची. चितळ-सांबराची शिंगे दरवर्षी गळतात, यांची जन्मभर टिकतात. काळविटाच्या नराची पीळदार शिंगे आणि काळी पाठ लांबूनही ओळखू येते. बालाघाटावरच, पाटोदा तालुक्यात नायगावचे मयूर अभयारण्य १९९४ साली झाले. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात कर्जतजवळ रेहेकुरीला खास काळविटांसाठी १९८० साली अभयारण्य झाले. पण हरणाला अभयारण्याची वेस ठाऊक नसते. जिथे माळ आहे आणि माळाला लागून हिरवे शेत आहे, तिथे ते येणारच.

पूर्वीचा शिकारी हरणाच्या मागे जाण्याआधी चिमूटभर धूळ हातातून सोडून बघे. धूळ ज्या दिशेला जाईल त्या दिशेला माणसाचा वासही जातो. म्हणून जनावराकडे जायचे ते वारा तोंडावर घेऊन. वारा पाठीमागून आला की दोन शेते पलीकडचा कळपही मान वर करतो. काळविटाची पहिली मदार डोळ्यांवर, पण नाक आणि कान काही झोपलेले नसतात. सोसाट्याच्या वाऱ्यात गवत, बाभळी, पळाटी सगळेच सळसळते. मग पावलाचा आवाज वेगळा ऐकू येत नाही आणि हलणाऱ्या रानात हलणारा शत्रूही वेगळा दिसत नाही. अशा दिवशी हरीण फार बिचकते आणि पुष्कळदा आडोशाच्या खोलगट भागात जाऊन उभे राहते.

डोंगराच्या पायथ्याला तर वाऱ्याचे आणखी कोडे असते. पहाटे थंड हवा उतारावरून खाली ओघळते, ऊन तापले की तीच वर चढू लागते, आणि कड्याच्या आडोशाला वारा गोल फिरतो. सकाळी बरोबर असलेली जागा दुपारी चुकीची ठरते.

धनुष्यबाणाच्या शिकाऱ्याला वारा दुहेरी छळतो. बंदुकीच्या मानाने बाण हळू जातो. साध्या धनुष्याचा बाण सेकंदाला दीडशे फुटांच्या आसपास, तर आवाज अकराशे फूट. शंभर फुटांवरच्या हरणाला प्रत्यंचेचा टणत्कार आधी पोचतो आणि बाण त्याच्या मागून अर्ध्या सेकंदाहून अधिक उशिरा. तेवढ्यात जनावर जागचे हललेले असते. शिवाय आडवा वारा बाणाच्या पिसांना धरून त्याला बाजूला नेतो. मग घाव मर्मी न लागता जनावर जखमी होऊन पळते आणि कुठेतरी झुडपात तडफडत मरते. अमेरिकेत परवाना काढून, ठरावीक हंगामात धनुष्याने हरणाची शिकार करतात. तिथलेही जाणते शिकारी फार वारा असला तर बाण सोडत नाहीत. आपल्या दशरथाने तर नुसत्या आवाजावर बाण सोडला आणि श्रावणबाळ गेला. दिसल्यावाचून बाण सोडू नये, ही शिकवण आपल्याकडे फार जुनी आहे.

मराठवाड्यात हे रानाचे ज्ञान पारधी समाजाइतके क्वचितच कोणाजवळ होते. फासेपारधी शिकवलेल्या बैलाच्या आडून कळपाजवळ जात आणि वाटेवर फास मांडत. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने अशा अनेक जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो शिक्का १९५२ साली कायद्याने पुसला, माणसांच्या मनातून मात्र अजून पुरता पुसलेला नाही. रानात एखादे हरीण मेलेले दिसले की पुरावा नसताना पारध्याच्या पालाकडे बोट दाखवायचे, ही गावाची खोड सोडायला हवी.

आता धनुष्य असो, फास असो की विष, हरणाची शिकार हा गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात काळवीट आणि चिंकारा पहिल्या अनुसूचीत आहेत. २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा गुन्ह्याला किमान तीन ते सात वर्षांची कैद आणि किमान २५,००० रुपये दंड आहे. नुसता प्रयत्न केला तरी कायदा त्याला शिकारच म्हणतो.

पण उगवलेल्या तुरीचे आणि हरभऱ्याचे शेंडे एका रात्रीत खुडले गेले की शेतकऱ्याच्या पोटात काय कालवते ते कायद्याच्या पुस्तकात लिहिलेले नसते. बियाणे उधारीचे असते, दुबार पेरणीला पैसा नसतो. रागाच्या भरात कोणी कुंपणाच्या तारेत वीज सोडतो. त्या तारेला हरणाआधी घरचे पोर किंवा शेजारचा बैल चिकटतो. तो मार्ग घेऊच नये.

त्यापेक्षा शिकाऱ्याचे शहाणपण उलटे करून वापरावे. शिकारी आपला वास लपवतो, राखणदाराने तो पसरवावा. माचा वाऱ्याच्या अंगाला बांधला की माणसाचा वास सगळ्या पिकावरून जातो. दुसरा माणूस असेल तर त्याला वाऱ्याखाली बसवावे, म्हणजे चाहूल त्याच्याकडे वाहत येते. जुन्या लुगड्यांचे कुंपण वाऱ्याने फडफडते तोवर धाक राहतो, पण जनावर आठवड्यात सरावते. म्हणून बुजगावणे आणि लुगडी यांची जागा दर चार-पाच दिवसांनी बदलावी. वाऱ्याच्या रात्री शेकोटी मात्र टाळावी. एक ठिणगी कडब्याच्या गंजीला पुरते. आणि शेतातल्या उघड्या विहिरीला कठडा घालावा, अंधारात पळणारे हरीण तीत पडते आणि माणूसही.

एवढे करूनही नुकसान झालेच तर पीक तसेच ठेवून तीन दिवसांच्या आत वनखात्याकडे अर्ज द्यावा आणि पंचनामा करून घ्यावा. सोबत सातबारा आणि फोटो जोडावेत. भरपाई पूर्ण मिळतेच असे नाही, पण अर्ज न देणाऱ्याच्या पदरात काहीच पडत नाही.

पालीचा घाट चढताना कधी दूर माळावर काळवीट दिसले तर गाडी थांबवून, वारा तोंडावर घेऊन, गुपचूप उभे राहून पाहावे. ते आपल्या आधीपासून या वाऱ्यात राहत आले आहे. शेत राखून त्यालाही जगू देणे कष्टाचे आहे खरे, पण जमण्यासारखे आहे.