पांढरा डाग पुसून पाहावा

तोंडात पांढरा डाग दिसला की माझा हात आधी गॉजच्या तुकड्याकडे जातो. बोटाला गॉज गुंडाळायचा आणि डाग पुसून पाहायचा. पाच सेकंदांचं काम. ते न करता मी एकदा औषध लिहून दिलं होतं. त्याला वीस वर्षं होऊन गेली, तरी ती दुपार मला जशीच्या तशी आठवते.

तालुक्याच्या गावी दवाखाना टाकून जेमतेम वर्ष झालं होतं. बाजाराच्या दिवशी एक मावशी आल्या. दाढ ठणकत होती, ती काढून दिली. खालचा ओठ आणि हिरडी यांच्या मधल्या खाचेत एक पांढरट पट्टा दिसला. मावशींना मधुमेह होता, म्हणून बुरशी असेल असं मी धरून चालले आणि थेंब लिहून दिले. बाहेर गर्दी होती. त्या दहा महिन्यांनी परत आल्या तेव्हा पांढऱ्या पट्ट्याच्या मधोमध लाल, खरखरीत भाग तयार झाला होता आणि बोटाला खाली कडकपणा लागत होता. तपासणीत कॅन्सर निघाला. ऑपरेशन वेळेत झालं आणि मावशी वाचल्या. पण ते दहा महिने माझ्यामुळे गेले होते.

त्या दिवसापासून मी एक क्रम कधी मोडला नाही. डाग पुसला जातो का? दह्याच्या चोथ्यासारखा थर निघून आला आणि खाली लालसर कातडी दिसली, तर ती बहुधा बुरशी. मग तिचं कारण शोधायचं. साखर वाढली आहे का, कवळी रात्रीही तोंडातच असते का, दम्याचा पंप ओढल्यावर चूळ भरली जाते का. कारण तसंच राहिलं तर थेंब संपले की बुरशी परत येते.

पुसला जात नसेल तर पुढे पाहायचं. दाताचं टोक तुटलंय आणि त्याच्याच समोर गालावर चट्टा आहे, तर ते घासणं. दुखऱ्या दाढेशी लवंगेचं तेल किंवा वेदनाशामक गोळी धरून ठेवणारे पुष्कळ जण असतात. तिथली कातडी भाजून पांढरी पडते. दोन्ही गालांत आतून जाळीदार नक्षी दिसली तर लायकेन प्लॅनस. तो झोंबत असेल तर स्टेरॉइडचं मलम लागतं. आणि गाल संगमरवरासारखा फिकट, आत दोऱ्यांसारखे ताठ पट्टे, तोंडात तीन बोटं उभी जात नाहीत, तर ती सुपारीची करणी. गुटखा, मावा, खर्रा, नाव कुठलंही असो. सुपारी सोडली, तोंडाचे व्यायाम केले, इंजेक्शनं घेतली तर तोंड थोडं मोकळं होतं. पण ताठरलेला गाल पहिल्यासारखा मऊ होत नाही. पंचविशीची मुलं भाकरीचा घास मोडून मोडून खाताना पाहते तेव्हा पोटात तुटतं.

या सगळ्यातून जो डाग उरतो, त्याला ल्युकोप्लाकिया म्हणतात. १८७७ साली हंगेरीतल्या श्विमर या त्वचारोगतज्ज्ञाने हे नाव रूढ केलं. त्याचा अर्थ इतकाच, पांढरा चट्टा. आत काय चाललंय ते या नावातून कळत नाही. सपाट, एकसारखा पांढरा असेल तर धोका कमी. पांढऱ्यात लाल मिसळलेला असेल, किंवा जिभेच्या कडेला वा जिभेखाली असेल तर जास्त. पण नक्की सांगतो तो डागातून काढून तपासलेला तुकडाच.

म्हणून कारण दूर करायचं. दात घासून गुळगुळीत करायचा, तंबाखू बंद करायला सांगायचं आणि दोन आठवडे थांबायचं. पंधराव्या दिवशी डाग तिथेच असेल तर बायोप्सी, म्हणजे तो तुकडा काढून तपासणं. त्याहून जास्त थांबायचं नाही.

खरा कस इथे लागतो. गेल्या पावसाळ्यात एक आजी आल्या होत्या. मिश्रीने बोटाचं पेर तपकिरी झालेलं, हिरडीलगत पांढरा, सुरकुतलेला पट्टा. मी तुकड्याचं काढताच त्या उठून उभ्याच राहिल्या. "दुखत न्हाई की वो कायबी. सुरी लावली की पसरतंय म्हनत्यात." मी त्यांना बसवलं, आरसा हातात दिला आणि त्यांचा पट्टा त्यांनाच दाखवला. "आजी, सुरीनं पसरत नाही. आत काय आहे ते न बघता ठेवलं, तर ते आपल्या नकळत वाढतं." लेकीला बोलावून घेतलं. दोन दिवसांनी दोघी आल्या. बधिर करून सर्वांत संशयित जागेचा मसुराच्या डाळीएवढा तुकडा घेतला, एक टाका घातला, तुकडा फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकला. दहा मिनिटं. अहवालात पेशी बिघडू लागल्या होत्या, पण कॅन्सर नव्हता. डाग पूर्ण काढला. तरी दर तीन महिन्यांनी मी त्यांना बोलावते, कारण डाग काढला म्हणून धोका संपत नाही. मिश्री मात्र त्यांनी सोडली. तिची डबी माझ्या टेबलावर ठेवून गेल्या.

हे दुखणं आपल्या मातीत जुनं आहे. डॉ. फली मेहता आणि डेन्मार्कचे डॉ. पिंडबोर्ग यांच्या चमूने महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ खेडूतांची तोंडं तपासली आणि १९७२ साली निष्कर्ष छापले. इतक्या वर्षांपूर्वी आपल्याच गावांत हा धोका मोजला गेला होता. त्यावर उपायही साधाच आहे. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित आरोग्यसेवक घरोघरी जाऊन उजेडात तोंड पाहत. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात तंबाखू किंवा दारूची सवय असणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटलेले दिसले. यंत्र नव्हतं. नीट पाहणारी नजर होती.

तेव्हा एक विनंती. महिन्यातून एकदा उजेडात आरशासमोर उभे राहा. ओठ उलटून, गाल ताणून, जीभ दोन्ही कडांना वळवून पाहा. घरात कोणी मिश्री, तंबाखू, सुपारी घेत असेल तर त्यांचं तोंडही पाहा. पांढरा किंवा लाल डाग दोन आठवड्यांनंतरही टिकला, तर तो दुखत नसला तरी डॉक्टरांना दाखवा. आणि डॉक्टर न पुसताच औषध लिहू लागले, तर पुसून पाहायला सांगा. त्या मावशींनी मला तसं सांगितलं असतं तर बरं झालं असतं.