लाल डोळा आणि आजींचा अंगठा

विडंबनासाठी मूळ कृती ठाऊक असावी लागते, असे आम्ही फार वर्षे मानत आलो. केशवकुमारांच्या 'झेंडूची फुले'ची खरी गंमत कळायची तर रविकिरण मंडळाची कविता कानांत हवी. गेल्या दिवाळीत उमरखेडला ताईकडे गेलो असता भाच्याने मोबाइलवर दाखवलेल्या दीड मिनिटाच्या चित्रफितीने या समजुतीला तडा दिला.

प्रसंग होता स्टॅन्ली कुब्रिकच्या '२००१: अ स्पेस ओडिसी' (१९६८) मधला. यानाबाहेर अडकलेला अंतराळवीर दार उघडायला सांगतो आणि हॅल ९००० हा संगणक शांतपणे नकार देतो. पोरांनी त्यावर गावाकडचा आवाज चढवला होता. हॅल आधी ओटीपी मागतो, मग चित्रांतले ट्रॅफिक सिग्नल ओळखायला लावतो आणि शेवटी म्हणतो, "सर्व्हर डाउन हाय, उद्या या." आम्ही पोट धरून हसलो. मूळ चित्रपट पाहिलास का, असे विचारता भाचा म्हणाला, "मामा, आमी त तो लाल डोळा मीममधीच पाह्यला."

आम्ही खट्टू झालो. मालेगावात शेख नासिर यांनी 'सुपरमॅन'चे स्थानिक रूप घडवले, यंत्रमाग कामगार शफिक शेख यांना नायक केले. फैझा अहमद खान यांच्या २००८च्या माहितीपटात ती धडपड दिसते. त्या थट्टेमागे मूळ चित्रपटांवरचे प्रेम होते. या पोरांपाशी काय होते?

उत्तर दुसऱ्या दिवशी रेशन दुकानात मिळाले. ताईच्या सासूबाईंनी यंत्रावर अंगठा ठेवला. जन्मभर कापूस वेचून, निंदण करून त्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या आहेत. यंत्राने ठसा नाकारला. आजींनी अंगठा पदराला पुसला, पुन्हा ठेवला. पुन्हा नकार. यंत्राचा दिवा लाल झाला होता. कालचे वाक्यच जवळजवळ तसेच ऐकू आले: उद्या या.

भाचा हसला नाही. आम्हीही नाही. पोरांना कुब्रिक ठाऊक नसेल, पण न उघडणारे दार पाठ होते.

रात्री आम्ही त्याला मूळ चित्रपट दाखवला. अंतराळवीर आणीबाणीच्या दारातून जिवावर उदार होऊन आत शिरतो, तेव्हा भाचा म्हणाला, "मामा, याले दुसरं दार तरी होतं."

सकाळी आजी पिशवी घेऊन पुन्हा रांगेत उभ्या राहिल्या.