कौल, माची, तह

पालकसभेत बाईंनी लेकीची वही माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, "हुशार आहे हो, पण वाचायला फार वेळ लावते. इतिहासाचा धडा तर संपतच नाही तिचा." घरी आल्याबरोबर मी मोबाइलवर घड्याळ लावलं. चौथीच्या 'शिवछत्रपती'तला पुरंदरच्या वेढ्याचा धडा काढला, त्यातला मोजून १२० शब्दांचा तुकडा तिला मोठ्यानं वाचायला सांगितला. तीन मिनिटं लागली. म्हणजे मिनिटाला ४० शब्द. २०२१ साली सुरू झालेल्या 'निपुण भारत' कार्यक्रमात तिसरी संपताना मुलानं मिनिटाला निदान ६० शब्द, तेही समजून, वाचावेत अशी अपेक्षा आहे. लेक चौथीत होती. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी घड्याळ लावून वाचन सुरू झालं. आठ दिवसांत आकडा ५८वर गेला. मी खूश होते. नवव्या दिवशी सहज विचारलं, "मुरारबाजी कुठला किल्ला लढवत होता?" ती म्हणाली, "राजगड." पुस्तकात शब्द होता वज्रगड, तोही मुरारबाजीच्या किल्ल्यासमोरचा जोडकिल्ला म्हणून आलेला. पुरंदर तर तिच्या लक्षातच नव्हता. आणि मुरारबाजीला ती आठ दिवस 'मुरारजी' म्हणत होती.

मी मुद्रितशोधनाचं काम करते. प्रकाशकांकडून येणारी प्रुफं वाचण्यात माझी वीस वर्षं गेली. त्यामुळे ही चूक मला लगेच ओळखता आली. दमलेला किंवा घाईतला डोळा शब्दाचा एखादा तुकडा उचलतो आणि उरलेला स्वतःच्या मनानं भरतो. आपल्याला वाटतं नजर ओळीवरून सरकत जाते. प्रत्यक्षात ती उड्या मारते. एका जागी साधारण पाव सेकंद थांबते, मग पुढे झेपावते, शब्द अनोळखी असला की जास्त थांबते, कधी मागेही येते. मी लेकीकडून वेग मागितला आणि तिनं ते थांबणंच टाकून दिलं. मला फार वाईट वाटलं. ज्या गोष्टीवर माझं पोट चालतं, तीच मी तिला सोडायला लावत होते.

घड्याळ बंद केलं. त्याच धड्याची झेरॉक्स काढली, लाल पेन घेतलं, आणि ती जिथे जिथे अडखळेल तिथे प्रुफासारखी बारीक खूण करत गेले. माझी खात्री होती की खुणा जोडाक्षरांवर पडणार. पडल्या भलत्याच ठिकाणी. 'स्वराज्य' हा शब्द ती एका दमात वाचत होती. 'छत्रपती', 'सह्याद्री' कुठेही अडलं नाही. अडली ती 'माची'वर. 'तह'वर. 'वेढा', 'सुरुंग', 'शिबंदी' यांच्यावर. 'तह' या शब्दाला काना नाही, मात्रा नाही, पहिलीतलं मूल वाचेल. पण तो तिनं कधी कुणाच्या तोंडून ऐकलेलाच नव्हता, आणि 'स्वराज्य' हजारदा ऐकलेला होता. अक्षरं तिला येत होती. ज्या जगातले ते शब्द, त्या जगाची ओळख नव्हती.

मग एका रविवारी आम्ही तिघं पुरंदरला गेलो. दिवे घाट, सासवड, नारायणपूर. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, दाराशी ओळखपत्रं दाखवावी लागतात. वर मुरारबाजीचा पुतळा आहे, दोन्ही हातांत शस्त्रं. तिथल्या मोकळ्या सपाटीवर उभं राहून मी म्हटलं, "ही माची. आणि तो वर दिसतोय ना, तो बालेकिल्ला." ती थोडा वेळ वर-खाली बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे हा किल्ल्याचा ओटा!" याहून चांगला अर्थ मी कुठल्या कोशात वाचलेला नाही. समोर वज्रगड होता. १६६५च्या एप्रिलमध्ये मोगल सरदार दिलेरखानानं आधी तो घेतला आणि तिथून पुरंदरवर तोफा डागल्या, हे सांगायला शब्द फारसे लागलेच नाहीत. दोन किल्ल्यांमधली खिंड तिच्या डोळ्यांसमोर होती. "इथून दगड मारला तर तिथे जाईल?" तिनं विचारलं. दगड नाही जाणार, गोळा जाईल. वेढा म्हणजे काय, हे तिला तिथे कळलं.

घरी आल्यावर तहाला चिंचोके घेतले. तहाच्या वेळी पस्तीस किल्ल्यांचा हिशेब झाला, म्हणून पस्तीस चिंचोके. तेवीस मोगल सेनापती मिर्झाराजे जयसिंगाच्या बाजूला सरकवायला सांगितले. ती एकेक मोजत सरकवत होती आणि तिचा चेहरा उतरत होता. उरलेले बारा तिनं मुठीत धरले. "मग महाराज हरले?"

या प्रश्नाला घाईनं उत्तर द्यायचं नाही असं मी ठरवलं. माझ्याकडे जुन्या प्रुफांचे कोरे मागचे कागद ढिगानं असतात. ते कापून, चिकटवून एक लांब पट्टी केली आणि बोळातल्या भिंतीवर लावली. एक वर्ष म्हणजे एक सेंटीमीटर. महाराजांच्या जन्मापासून, १६३०पासून आजपर्यंत जवळजवळ चार मीटर झाली. १६६५वर तिनं तेवीस ठिपके काढले. मग मी १६७० दाखवलं. त्या वर्षी फेब्रुवारीत कोंढाणा परत घेतला, पुरंदरही त्याच वर्षी आला. "पाचच बोटं आहेत," ती म्हणाली. सेंटीमीटरला ती बोट म्हणते. आणि तिथून चार बोटांवर १६७४ होतं, राज्याभिषेकाचं. ती पट्टीसमोर बराच वेळ उभी होती.

सासूबाई हे सगळं दारातून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "माझं पण एक लिही. १२ जुलै १९६१. पानशेत." त्या वेळी त्या नऊ वर्षांच्या होत्या, पुण्यात शनिवार पेठेत राहायच्या. लोक धरण फुटलं म्हणून ओरडत पळत होते, त्यांच्या आईनं देवातला टाक पदरात बांधला आणि पोरांना घेऊन उंचावर पळाली. परत आल्यावर घरात गाळ होता, गुडघाभर. ही गोष्ट लग्नापासून मी तुकड्यातुकड्यांनी ऐकली होती, पण इतकी सलग त्या दिवशी पहिल्यांदा. लेकीनं मोजलं: पुरंदरच्या तहापासून आजीच्या पुरापर्यंत २९६ बोटं, आजीच्या पुरापासून तिच्या जन्मापर्यंत ५४. "आजी, तू माझ्या जवळची आहेस," असं म्हणून ती हसली.

वाचन पुन्हा सुरू केलं, वेगळ्या रीतीनं. एकच पान सलग तीन संध्याकाळी. पहिल्या दिवशी मी वाचायचं, तिनं बोट फिरवायचं. दुसऱ्या दिवशी दोघींनी एका सुरात. तिसऱ्या दिवशी तिनं एकटीनं. लाल खुणा कमी होत गेल्या. पण सगळं खुणांनी कळतं असंही नाही, हे मला सभासदाच्या बखरीनं शिकवलं. राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीत लिहिलेली ही बखर इतक्या आखूड वाक्यांत आहे की काही भाग मी तिला थेट वाचून दाखवले, आणि काही तिनं स्वतः वाचले. सातशे माणसांनिशी मुरारबाजी दिलेरखानावर तुटून पडला, खानानं त्याला कौल देऊ केला, त्यानं तो नाकारला. 'कौल' तिनं झटकन वाचलं. कुठेही अडली नाही. पुढे जाऊन मग म्हणाली, "आई, लढाईत त्याला घरावरचं कौल कशाला देत होता?"

अभयाचं वचन, मी सांगितलं. मग आम्ही दोघी त्या वाक्यावर थांबलो. वचन मिळत असताना नको म्हणाला, मेला, का? त्या एका ओळीवर आमची अख्खी संध्याकाळ गेली.

दिवाळीनंतर एकदाच घड्याळ लावलं. ७४ शब्द. तिला सांगितलं, तिनं फारसं ऐकलं नाही. तिच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं: "हे सगळं आपल्या बाजूच्यांनी लिहिलंय ना? मिर्झाराजांच्या तंबूत काय चाललं होतं ते कुणी लिहिलं?" मी म्हटलं, एक इटलीचा माणूस होता तिथे, निकोलाव मनुची. जयसिंगाच्या छावणीत असताना त्यानं महाराजांना पाहिलं, आणि नंतर त्याबद्दल लिहिलंही.

तिनं ते नाव पट्टीवर १६६५खाली लिहिलं. 'मनुची'तल्या नु ला आधी दीर्घ ऊकार दिला, मग माझ्याकडे बघून स्वतःच खोडला.